लाँचीचे पोट

निवृत्त झालेल्या माणसाला काही ना काही दुरुस्त करण्याची हुक्की येते. सामान्य माणसे ती घड्याळावर किंवा नळाच्या तोटीवर भागवतात. आमचे भावोजी एकदम लाँचवर घसरले! फंडाच्या पैशांतून त्यांनी एक जुनी लाकडी मोटारलाँच घेतली आणि तिला वेगवान व टिकाऊ करण्याचा पण केला. राहणार भायखळ्याला, खिडकीतून दिसणार समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. पण शेजारी माझगाव, पलीकडे भाऊचा धक्का, त्यामुळे छाती दर्यावर्दी.

"दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले की लाँच दुप्पट पळेल," असे त्यांचे त्रैराशिक. लाँचीखाली वाकलेला म्हातारा सुतार एवढेच म्हणाला, "शेट, पोट तेच ना?"

सारे नौकाशास्त्र या प्रश्नात आले. गोल पोटाची बोट चालताना पाण्यात लाट उठवते. वेग वाढेल तशी ती लाट लांबते, आणि बोटीइतकी लांब झाली की बोट तिच्या खळग्यात बसते. पुढे जायचे तर स्वतःचीच लाट चढायची! पाण्यावरची लांबी 36 फूट असेल, तर ही मर्यादा ताशी सुमारे 8 सागरी मैल, म्हणजे जेमतेम 15 किलोमीटर. त्यापुढे इंजिन नुसते डिझेल पिते. पाण्यावर उचलून धावायचे, तर अंग हलके आणि तळ मागे सपाट हवा. भावोजी सकाळी राणीच्या बागेत धावतात, तेव्हा हाच नियम पाहायला मिळतो. बूट कितीही भारी आणले, तरी पोट पुढे आणि भावोजी मागे, हे अंतर कायम राहते.

मग टिकाऊपणा. तळाला शेवाळ-शिंपले चिकटले की वेग घटतो, आणि समुद्रातले किडे लाकूड पोखरतात. 1761 साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडे हटले, पण तांब्याच्या सहवासात लोखंडी खिळेच झिजून गेले. धातूंच्याही पत्रिका जुळाव्या लागतात!

भावोजींना वरून फायबरग्लासचा थर हवा होता. सुतार म्हणाला, "ओल्या लाकडावर फायबर म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. आतल्या आत कुजेल." तेव्हा लाँच आधी वाळवली, सडक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकून लांबी भरली, तळ खरवडून शिंपले न धरणारा रंग दिला. इंजिन जुनेच राहिले. लाकडाची निगा राखली की काय होते? वाडियांनी मुंबईत मलबारी सागाची बांधलेली, 1817 साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

"मग, वेग वाढला का?" मी विचारले.

"वाढला नाही. परत आला," भावोजी म्हणाले.

आता कोणी फंडाच्या पैशांची चौकशी केली, तर ताई शांतपणे सांगते, "पाण्यात गेले. पण अजून बुडाले नाहीत."