घोटभर दुधावर वाढलेली पिढी

आम्हा चुलत-आते-मामे भावंडांच्या पिढीला 'पेलाभर दूध' ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या चित्रातच भेटली. चित्रातल्या गुटगुटीत मुलाच्या ओठांवर दुधाच्या मिशा असत. आमच्या मिशा चहाच्या, नाहीतर सोलकढीच्या.

गिरगावातल्या चाळीत दूध मोजून यायचं. 'आरे'ची काचेची बाटली, तिच्यावर पातळ पत्र्याचं रंगीत झाकण. हातात दुधाचं कार्ड असल्याशिवाय सेंटरवर उभं राहून उपयोग नव्हता. दारा खुरोडींच्या पुढाकारानं १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, शहरातले गोठे तिकडे हलले, म्हशीच्या दुधात पाणी आणि दूधपावडर मिसळून ते जास्त घरांना पुरेल अशी सोय झाली. तरी मुंबईला दूध पुरत नव्हतं ते नव्हतंच. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, पण आमच्या मजल्यावर तो पूर पोचायला बरीच वर्षं लागली. तोवर पहाटे रांगेत कुणी उभं राहायचं यावरून भांडणं, आणि बाटली परत देताना ती नीट विसळली नाही म्हणून बोलणी. पत्र्याची झाकणं मात्र आमची. त्यांच्या माळा करून गणपतीच्या मखराला लावायच्या.

घरात आल्यावर त्या दुधाची वाटणी ठरलेली असे. आधी पाळण्यातलं मूल, मग आजारी माणूस, मग चहा, मग पाहुणा. उरलंच तर विरजणाला. शाळकरी मुलांचा या यादीत नंबरच नव्हता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

मे महिन्यात कुडाळजवळच्या गावी गेलो की गोठ्यात गाय असे, म्हणून तिथं चंगळ असेल असं कुणाला वाटेल. कोकणातली ती बुटकी गाय, देऊन देऊन किती देणार? शिवाय आजीचा कायदा होता, "आधी वासराक, मगे माणसाक." वासरू पिऊन झालं की राहील ते चहाला, आणि थोडं ताकाला. आजीला कुणी 'वीगन' म्हटलं असतं तर तिनं त्याला आधी जेवायला बसवून मग विचारलं असतं, की म्हणजे काय रे बाबा.

मग आम्ही वाढलो कशावर? त्याचं पहिलं उत्तर नाचणी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी नाचणीची भाकरी, आणि अधूनमधून सत्त्वाची खीर. सत्त्व करायचा आजीचा आणि मोठ्या काकूचा दोन-तीन दिवसांचा सोहळा असे. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची, पंच्यात घट्ट बांधून खुंटीला टांगायची. पांढरे बारीक मोड फुटले की सावलीत वाळवायची, मंद आचेवर परतायची आणि जात्यावर दळायची. भाजताना येणारा तो खरपूस वास माजघरातून थेट खळ्यापर्यंत जायचा, आणि आम्ही आंबे सोडून आत यायचो. सत्त्व पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ घालायचा, उतरवल्यावर नारळाचा घट्ट रस. दुधाचा थेंब नाही. 'खीर' म्हटली की तीच, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना शाळेत जाईपर्यंत वाटत होतं. शिरवाळेही, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसातच खायचे असत.

पौषात गिरगावात भोगीची बाजरीची भाकरी, तिच्यावर तीळ थापलेले. दुसऱ्या दिवशी तिळगूळ. हिवाळ्यात बाळंतिणीसाठी केलेले अळिवाचे लाडू, नारळ आणि गुळातले, आणि त्यातला एखादा पळवणारे आम्ही. कारळ्याची काळी चटणी, कुळथाची पिठी. आणि गोकुळाष्टमी! दह्यादुधाच्या त्या देवाच्या जन्माला आमच्या मालवणी ताटात काय, तर शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळ्या. चाळीमागच्या शेवग्यावर त्या दिवशी इतके हात पडायचे की झाडाची दया यायची.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते भाचीच्या मुलीचं. पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलं. प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही, म्हणजे वीगन. म्हशीच्या रेडकाचं काय होतं ते तिनं कुठंतरी पाहिलं होतं. घरात हलकल्लोळ. "हाडं ठिसूळ होतील," हे पहिलं वाक्य, आणि ते म्हणणारे सगळे घोटभर दुधावर वाढलेले! शेवटी आमच्यातलीच एक आतेबहीण मध्ये पडली. ती आयुष्यभर गृहविज्ञान शिकवत आली. तिच्याकडे हैदराबादच्या पोषण संस्थेचं, डॉ. गोपालन यांचं अन्नघटकांच्या तक्त्यांचं जुनं पुस्तक आहे, पानं सुटलेलं. ते उघडून तिनं मुलीला समोर बसवलं आणि आम्ही भोवती.

गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. शंभर ग्रॅम नाचणीत ३४४. शेवग्याच्या पाल्यात ४४०, कुळथात २८७, अळिवात ३७७, आणि तिळात तब्बल १४५०. प्रत्येक आकड्याला आम्ही टाळ्या वाजवत होतो, जणू आमच्याच आजीचा निकाल लागतोय. पेलाभर दुधाइतकं कॅल्शियम दोन भाकऱ्यांत! प्रथिनांचंही तसंच. पेल्यात आठेक ग्रॅम, तर मोठ्या वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच.

पण आतेबहीण शिक्षिका आहे, टाळ्यांनी विरघळणारी नव्हे. तिनं सांगितलं की पुस्तकातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा वेगळा. नाचणीतलं फायटेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मोड आणल्यानं ते कमी होतं, म्हणजे खुंटीला टांगलेलं ते गाठोडं फुकट नव्हतं. मात्र काकू सत्त्व वस्त्रगाळ करायची, त्यात कोंड्याबरोबर कॅल्शियमही जायचं. तेव्हा चाळू नकोस. तिळाच्या सालीत ऑक्झलेट असतं, तेही कॅल्शियम अडवतं, म्हणून मूठभर तिळाच्या जिवावर राहायचं नाही. पालकाचंही तेच, त्यातलं कॅल्शियम जवळजवळ सगळं अडकलेलं. आणि आमचा लाडका नारळाचा रस? रंग दुधाचा, चव स्वर्गाची, कॅल्शियम नावापुरतं. इथं सभेत थोडा वेळ शांतता. सोयाबीनचं घरी काढलेलं दूध प्रथिनांना चांगलं, पण विकतचं घ्यायचं तर त्यात कॅल्शियम घातलंय का ते खोक्यावर वाचायचं. टोफू मात्र कॅल्शियमच्या क्षारानं गोठवलेलं असेल तर उत्तम. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं असं हीच संस्था आता सांगते. एका पदार्थावर ते भागत नाही, ताटभर मिळून भागतं.

मग ती बी-१२ वर आली. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात. नाचणीत नाही, तिळात नाही, शेवग्यात नाही. आमच्याकडे ते कुठून येत होतं? तर रोजच्या बांगड्यातून, तारल्यातून, सुक्या जवळ्यातून, आणि त्या एवढ्याशा ताकातून. आमचं दूध कमी होतं, पण मासळी होती. हा हिशेब आमच्यातल्या कुणी कधी मांडलाच नव्हता. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी १९४४ साली वीगन संस्था काढली, तेव्हा बी-१२ हाती लागलेलंही नव्हतं. ते वेगळं काढलं गेलं १९४८ साली. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता कळायला वर्षं जातात, आणि कळते तेव्हा हातापायांना मुंग्या येत असतात. म्हणून वीगन माणसानं गोळी घ्यायचीच, यात सूट नाही. ड जीवनसत्त्वासाठी ऊन. तेही साध्या दुधात मुळात थोडंच असतं, हल्ली काही पिशव्यांतल्या दुधात वरून घालतात.

आठवणींचा आणखी एक कोपरा तिनं त्या दिवशी उघडला, जो आम्ही सगळे टाळत होतो. आजीची पाठ. साठीनंतर ती वाकत गेली, शेवटी चुलीपर्यंत काठी टेकत यायची. मोठ्या काकूचं खुब्याचं हाड न्हाणीघरात घसरून मोडलं आणि ती पुन्हा उठली नाही. इतकी बाळंतपणं, सगळ्यांना वाढून उरलं तर जेवण, आणि दुधाच्या त्या वाटणीत तर त्यांचं नाव पाळण्याच्या, पाहुण्याच्या, कुणाच्याच पुढे नव्हतं. नाचणी चांगली होतीच. पण तिची भाकरीही त्यांच्या पानात अर्धीच पडायची.

मुलीनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. आता कुडाळहून नाचणी आणि कुळीथ येतात, सत्त्व ती मिक्सरवर करते, न चाळता. टोफूची भुर्जी करते तिच्यावर भाजलेल्या तिळाचं कूट टाकून, आणि ती आम्हालाही आवडते, हे आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही. सोयाचं दूध चहात फाटतं म्हणून गवती चहा घालून कोरा पिते. डब्याच्या बाजूला गोळ्यांची पट्टी.

त्या पट्टीवरून परवा आमच्यातल्या सर्वांत मोठ्या दादानं टोमणा मारलाच, "निसर्गाचं खायचं म्हणता, आणि गोळी?" आतेबहिणीनं मानही वर केली नाही. म्हणाली, "दादा, तुमची बीपीची कुठल्या झाडाला लागते?"