सॅकचे पट्टे

दुकानात टांगलेली सॅक नेमक्या कोणाच्या पाठीसाठी शिवलेली असते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींसह मी दरवर्षी सह्याद्रीत जातो. कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी रुंद खांद्यांचे. पाठीवर मात्र सर्वांच्या एकाच मापाच्या सॅक. उतरताना निम्मी मंडळी खांदे चोळीत असतात आणि दोष चढणीला देतात.

2023 च्या नाताळानंतर कळसूबाईला जायचे ठरले. शिखराची उंची 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. बारी गावाहून चढताना कड्यांवर लोखंडी शिड्या लागतात. तेथे पाठीवरचे ओझे डुलले, की ते माणसाला मागे ओढते. आमच्यात सतरा वर्षांची एक मुलगी होती. अंगाने बारीक, उंचीने बेताची. तिची सॅक मुलगे उचलतील, असे परस्पर ठरून गेले. (हेतू चांगलाच होता, हे सांगितले पाहिजे.) ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "फादर, माझे ओझे दुसऱ्याने वाहायचे असेल तर मी येत नाही." मला तिचे म्हणणे पटले.

सॅक हलकी होती, आत सांगाडा नसलेली. अशा सॅकमध्ये ताठपणा नसल्याने सारा भार खांद्यांवर लोंबतो. आम्ही आधी पाठ मोजली. माप तिच्या आजीने घेतले. मान झुकवली की तळाशी जो मणका वर येतो, तेथपासून कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. भरले पंधरा इंच. सॅक सतरा इंचांच्या पाठीची, म्हणून कंबरपट्टा हाडांवर न बसता खाली घसरत होता. आजीने उमेदीच्या काळात भाजीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आहेत. सॅक उलटसुलट करून तिने विचारले, "फादर, ह्याची चुंबळ कुठे आहे?"

त्या प्रश्नाने काम सोपे झाले. चुंबळ पाटीचे वजन कमी करीत नाही. ते पसरून देते आणि जेथे हाड भार सोसू शकते तेथे टेकवते. सॅकची चुंबळ म्हणजे कंबरपट्टा. नाक्यावरच्या मोचीकाकांनी खांद्यांचे पट्टे उसवून दोन इंच खाली आणि एकमेकांच्या थोडे जवळ शिवले. शिवण चौकोनात फुली घालून, नायलॉनच्या जाड दोऱ्याने. पट्ट्यांची कापलेली टोके मेणबत्तीवर धरून वितळवली, म्हणजे धागे सुटत नाहीत. कंबरपट्ट्याला आतून फोम लावला. छातीवर एक आडवा पट्टा, वरखाली सरकेल असा. निजायची फोमची चटई घडी घालून पाठीच्या बाजूला सरकवली; तोच सांगाडा. खांद्यावरून सॅक पुढे ओढणारे पट्टे आम्ही लावलेच नाहीत. ताठ सांगाडा नसेल तर ते केवळ कापड ओढतात.

सेमिनरीत शिकलेले येथे आठवले. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी लिहिले आहे, की येशू सुतारकामात नांगर व जू घडवीत असे. मत्तयच्या अकराव्या अध्यायात प्रभू स्वतःच्या जोखडासाठी जे विशेषण वापरतो, तो मूळ ग्रीक शब्द 'ख्रेस्तोस'. चांगले, उपयोगी अशा त्याच्या छटा आहेत. मानेला न काचणारे जू ते चांगले जू, हे समजायला भाष्यकार लागत नाही, शेतकरी पुरतो.

ओझेच हलके ठेवावे, पट्ट्यांचे लाड कशाला, असे एका युवकाने विचारले. त्याचे उदाहरण मोठे नामी होते: अमेरिकेतील एमा गेटवुड या आजीबाई 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, स्वतः शिवलेली झोळी एका खांद्यावर टाकून अ‍ॅपलेशियन ट्रेल ही हजारो किलोमीटरची वाट एकट्या चालल्या. खरे आहे, पण झोळीत सामान अगदी थोडे होते. आमच्या मुलीकडे प्रथमोपचाराची पेटी आणि तीन लिटर पाणी होते. ते पाणी तिने पाठीलगत, मध्यभागी ठेवले आणि शिड्यांपूर्वी सर्व पट्टे आवळले. ती माझ्यापुढे चढत होती. सॅक डुलली नाही. वर पोहोचल्यावर पाण्यासाठी सगळे तिच्याभोवती जमले.

मोचीकाकांच्या टपरीत सध्या सात सॅक टांगलेल्या आहेत, प्रत्येकीला मापाची चिठ्ठी टाचलेली. आठवी माझी.