आदल्या दिवशीची टर्की

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आमच्या मिनियापोलिसच्या मराठी मंडळींत कुणीतरी ठसक्यात सांगतंच, "टर्की म्हणजे भुसा हो!" दोन घास उपचारापुरते घ्यायचे आणि पुलावाकडे वळायचं. देशात सर्वांत जास्त टर्की पाळणाऱ्या राज्यात राहून हे ऐकलं की माझी चिडचिड होते. पक्षी बिचारा निर्दोष आहे. खोट आहे ती अख्खी, तांबूस, चकचकीत टर्की ऐन जेवणाच्या वेळी टेबलावर मिरवत आणण्याच्या हट्टात. चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं 1943 साली एक चित्र छापून आलं, त्यात आजीबाई थाळ्यात टर्की घेऊन उभ्या. तेव्हापासून यजमानांना वाटतं, आपल्याकडेही तसंच दिसलं पाहिजे.

दिसतं खरं, पण छाती आणि तंगडी यांचं एकमेकांशी पटत नाही. छातीत चरबी जवळजवळ नाहीच. 165 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेली की ती पाणी सोडून कोरडी पडते. तंगडीचा चिवटपणा जायला मात्र 175च्या वर जावं लागतं. अख्खा पक्षी ओव्हनमध्ये ठेवून तंगडीची वाट बघत बसलात, की छातीचा भुसा ठरलेला. वर ओव्हन एकच. पाई, रताळी, स्टफिंग सगळं रांगेत ताटकळतं.

म्हणून मी टर्की आदल्या दिवशी, बुधवारीच भाजून मोकळा होतो. यावर अमेरिकन शेजारी हळहळतात आणि आपली माणसं "शिळी?" म्हणून नाक मुरडतात. अमेरिकनांचं समजू शकतो. पण आपल्या माणसांनी, त्यातही कोल्हापूरकरांनी, असं म्हणावं? आमच्या घरी मटणाचा बेत असला की आधी आलं-लसूण आणि मीठ-हळद लावून मटण शिजायचं. त्याचं पाणी म्हणजे अळणी रस्सा. पोरांना वाटीभर त्यातलाच मिळायचा. उरलेल्या पाण्याचा निम्मा भाग नारळाच्या दुधात जाऊन पांढरा व्हायचा, निम्मा वाटण-चटणीत जाऊन तांबडा. पंगत बसेपर्यंत मटण आपल्याच पाण्यात निवांत मुरत पडलेलं असायचं. चुलीवरून थेट ताटात आलं नाही म्हणून कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. पंक्तीत अख्खं बकरं आणून ठेवायची तर कल्पनाच करवत नाही! टर्कीला हवंय ते तेच, तिचं स्वतःचं पाणी.

ते आधी करून ठेवायचं. मान आणि पंख कांदा-गाजराबरोबर दोनेक तास उकळायचे आणि गाळून घ्यायचं. गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस लागतो. पंधरा पौंडांची असेल तर शुक्रवारीच खाली काढा. सोमवारी रात्री किंवा मंगळवारी तिला सगळीकडून मीठ चोळून फ्रीजमध्येच उघडी ठेवा. मीठ आत शिरतं आणि मांस भाजताना पाणी धरून ठेवतं. बुधवारी भाजताना छातीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसा; टर्कीबरोबर येणाऱ्या त्या उडणाऱ्या लाल बटणावर विसंबू नका. तंगड्या मागे राहिल्या तर कापून पुन्हा आत सारा. थोडी निवली की छातीचे जाड काप करा, उथळ ट्रेमध्ये लावा आणि वरून ते पाणी ओता. भाजल्यापासून दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. पाणी ओतण्यात कंजूषपणा नको. गार मांसाला हवा लागली की टर्कीच्या चरबीला एक खवट वास धरतो. तो माझ्या मते कोरडेपणापेक्षा वाईट.

गुरुवारी पाहुण्यांचे कोट खुंटीवर लागेपर्यंत ट्रे फॉइलनं घट्ट बंद करून 325 अंशांवर ठेवायचा, आतलं मांस पुन्हा 165 होईतो. तंगड्या आधी ठेवा. त्यांचं तासभरही काही बिघडत नाही. छातीला मात्र गरम झाल्यावर पाच मिनिटंही जास्त देऊ नका.

यात कुरकुरीत कातडी हातची जाते, हे खरं नुकसान आहे आणि ते मी नाकारत नाही. बुधवारीच ती सोलून वेगळी ठेवा आणि गुरुवारी दोन ट्रेंच्या मध्ये दाबून भाजा, पापडासारखी होते. रॉकवेलछाप फोटो हवाच असेल तर तोही बुधवारी संध्याकाळी, सुरी लावण्याआधी काढून घ्या. पाठवायचा गुरुवारी.