वाक्य समजले, पण उत्तर मिळाले का?

आमच्या घरात तीन भाषा नांदतात. अम्मीशी बोलायचे ते दखनीत, शेजारीपाजारी आणि कामावर मराठी, तर मुलांच्या शाळेमुळे आणि मोबाइलमुळे इंग्रजी. जगात कुठे काही घडले की परदेशी नेत्यांची भाषणे आता मूळ इंग्रजीतच कानावर पडतात. शब्द ओळखीचे असतात, पण वाक्य संपते तेव्हा हाती काहीच लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण आपल्या इंग्रजीला दोष देऊन गप्प बसतात. आम्हाला वाटते, गप्प बसण्याआधी ते वाक्य सोडवून पाहावे.

एक गाजलेले उदाहरण घेऊ. १२ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना पत्रकाराने विचारले की, इराक दहशतवाद्यांना महासंहारक शस्त्रे पुरवू पाहत असल्याचा काही पुरावा आहे का? त्यांचे उत्तर 'नोन नोन्स', 'नोन अननोन्स' आणि 'अननोन अननोन्स' या शब्दांनी जगभर पोहोचले. ब्रिटनमधील 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' या संस्थेने २००३ मध्ये गोंधळात टाकणाऱ्या बोलण्याबद्दल त्याला उपहासाचा पुरस्कारही दिला.

खरे तर या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. 'मोठ्यांचे ऐकावे' म्हणताना आपण 'मोठे' या विशेषणाचे नाम करतो, तसेच इथे 'नोन'चे झाले आहे. खरी अडचण पुढे येते. 'थिंग्ज वी नो वी नो' म्हणताना इंग्रजीने जोडणारे शब्द गाळले आहेत. मराठीत 'ज्या' आणि 'हे' असे शब्द घातल्याशिवाय हे वाक्य उभेच राहत नाही. ते घातले की अर्थ सरळ होतो: काही गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, आणि त्या ठाऊक आहेत याची जाणीवही आहे. काही ठाऊक नाहीत, पण त्या ठाऊक नाहीत हे आपण जाणतो. आणि काही अशा, की त्या आपल्याला ठाऊक नाहीत हेही आपल्याला ठाऊक नाही.

विचार म्हणून हे चुकीचे नाही. पण प्रश्न काय होता? पुरावा आहे का? उत्तरात ना 'हो' आले, ना 'नाही'. मग ही बाब यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, असे पत्रकाराने पुन्हा विचारले, तर ते सांगणार नाही, असे उत्तर मिळाले. मार्च २००३ मध्ये इराकवर युद्ध लादले गेले. ज्या शस्त्रसाठ्यांच्या नावाने ते झाले, ते पुढे शोधूनही सापडले नाहीत. ज्या घरांतली माणसे गेली, त्यांना या तीन प्रकारांचा काय उपयोग?

दुसरी अडचण हरवलेल्या कर्त्याची. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे उघड झाल्यावर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात म्हणाले, गंभीर चुका झाल्या. इंग्रजीतल्या कर्मणी प्रयोगात चुका होत्या, त्या करणारा मात्र नव्हता. मार्चमधील भाषणात त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली, तेव्हा वाक्यात 'मी' आला.

हा फरक समजायला इंग्रजी लागत नाही. स्वयंपाकघरात काच खळकन वाजली आणि नातू म्हणाला, "दादी, ग्लास फुटला," तर अम्मी विचारते, "फुटला की फोडला?" एका क्रियापदात सगळा हिशेब चुकता होतो.

म्हणून भाषण ऐकताना आम्ही मुलांना एवढेच सांगतो: आधी क्रियापद पकडा, मग ते कोणी केले ते शोधा, गाळलेले शब्द मराठीत भरा, आणि शेवटी मूळ प्रश्न पुन्हा वाचा. हे नियम फक्त परक्यांसाठी नाहीत. आपल्या गल्लीतल्या सभेत, आपल्या भाषेत, आपलाच माणूस बोलत असेल तेव्हाही ते लावायचे. तिथे तर भाषा येत नाही ही सबबही आपल्याजवळ नसते.