जुनाट दुखणं आणि रंगपेटी : एका डॉक्टरचा स्वतःचा अनुभव

आज औषधांबद्दल किंवा रिपोर्ट कसा वाचावा याबद्दल लिहीत नाही. आज माझ्या स्वतःच्या कंबरेबद्दल लिहिते.

पूर्वी माझ्याकडे एक मावशी यायच्या. अंगभर दुखणं, रात्रीची झोप नाही आणि तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. एकदा मी म्हणाले, "मावशी, रिपोर्ट चांगले आहेत, काळजी करू नका." त्या म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला हाय ओ, पण दुखतंय मला, रिपोर्टाला न्हाई." मी हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

कारण वयाच्या ५८व्या वर्षी माझीच कंबर दुखू लागली. कंबरेतून उजव्या पायात कळ जायची. एमआरआय झाला, गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली. कळ कमी झाली, पण कंबरेचं दुखणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळची ओपीडी बंद करावी लागली. ज्या बाईने तीस वर्षं दोन्ही वेळ दवाखाना चालवला, ती दुपारी चारला खाटेवर छताकडे बघत पडून राहायची. दुखण्यापेक्षा ते जास्त टोचत होतं. आता आपला काय उपयोग, हा एकच विचार मनात घोळायचा.

जुनाट दुखणं वेगळं का असतं?

बोट कापलं की दुखतं, जखम भरली की थांबतं. हे दुखणं म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. पण तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला आपण जुनाट म्हणतो. त्यात अनेकदा घंटाच बिघडलेली असते. मज्जारज्जू आणि मेंदू इतके संवेदनशील होतात की साध्या हालचालीलाही घंटा वाजते. म्हणून एमआरआय आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. मणक्याची गादी झिजलेली असूनही काहीच न दुखणारी माणसं पुष्कळ असतात. उलट, रिपोर्ट नॉर्मल असूनही दुखणं शंभर टक्के खरं असू शकतं. मावशींचं बरोबर होतं.

मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एक कल्पना मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि वेदनेचे किती संदेश मेंदूकडे जाऊ द्यायचे ते हे फाटक ठरवतं. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडझाप करतात. भीती, काळजी आणि एकटेपणा यांनी ते उघडं पडतं. मन एखाद्या कामात गुंतलं, माणसांत रमलं, की ते थोडं लोटलं जातं. त्यानंतर या शास्त्रात पुष्कळ भर पडली, पण मूळ मुद्दा आजही उपयोगाचा आहे.

रंगपेटी कशी आली?

नात सुट्टीला आली होती. जाताना तिची अर्धी वापरलेली रंगपेटी इथेच विसरली. एका दुपारी मी ती उघडली आणि खिडकीतल्या कुंडीचं चित्र काढलं. कुंडी वाकडी आली, पण घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं गेली होती. त्या वीस मिनिटांत मला कंबरेची आठवण झाली नव्हती. दुखणं गेलं नव्हतं. ते शेजारच्या खोलीत जाऊन बसलं होतं, एवढंच.

आपलं कोल्हापूर म्हणजे कलापूर. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचं गाव. इथे चित्र काढायला बसायचं म्हणजे संकोच वाटतोच. पण अमेरिकेतल्या अ‍ॅना मेरी मोझेस या शेतकरी बाईंची गोष्ट मला धीर देते. त्या लोकरीने भरतकामाची चित्रं करायच्या. संधिवातामुळे सुई धरवेना, म्हणून सत्तरीच्या उत्तरार्धात त्यांनी ब्रश हातात घेतला. १९४० मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. १९६१ मध्ये वारल्या तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या. मला प्रदर्शन करायचं नाही. सुई सुटली तरी हात थांबवायचा नाही, एवढंच मी त्यांच्याकडून घेतलं.

माझी चूक

उत्साहात एका रविवारी मी रंकाळ्यावर गेले. संध्यामठाचं चित्र पूर्ण करूनच उठायचं ठरवलं आणि दगडी कट्ट्यावर तीन तास बसले. पुढचे चार दिवस अंथरुणात गेले. ही चूक जुनाट दुखण्याचे बहुतेक पेशंट करतात. बरं वाटलं की सगळं एकाच दिवशी उरकायचं, मग आठवडाभर पडून राहायचं. त्यातून हालचालीचीच भीती बसते, स्नायू कमजोर होतात आणि दुखणं वाढतं.

म्हणून आता माझे नियम असे आहेत :

- मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. चित्र रंगात आलं असलं तरी उठायचं, पाच मिनिटं चालायचं. बरं वाटतंय म्हणून वेळ वाढवायची नाही.
- कागद मांडीवर नाही, टेबलावर. पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, कोपर टेकलेलं.
- बोटं दुखत असतील तर ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करायचा. जाड दांडा धरायला कमी जोर लागतो.
- सकाळी बोटं आखडत असतील तर आधी कोमट पाण्यात हात शेकायचे, मग रंग.
- आठवड्यातून एकदा कुणासोबत तरी चित्र काढायचं.

हे मात्र नीट लक्षात ठेवा

चित्रकला हे औषध नाही. गोळ्या आणि व्यायाम डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. पेनकिलर मनाने वर्षानुवर्षं घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्हींना त्रास होतो. आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, ताप येत असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर रंगपेटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझी कंबर आजही दुखते. हे लिहितानाही दोनदा उठले. संध्याकाळची ओपीडी परत सुरू झालेली नाही, बहुधा होणारही नाही. पण दुपारचे चार वाजले की आता मी छताकडे बघत नाही. खिडकीतल्या उजेडाकडे बघते, कारण तो तासाभरात बदलतो आणि मला त्याआधी कुंडीची सावली पकडायची असते.

आणि दवाखान्यात एक बदल झालाय. रिपोर्ट नॉर्मल आला की मी लगेच पुढच्या पेशंटला बोलावत नाही. विचारते, "दुखणं नसतं तर आज काय केलं असतं?" कुणी म्हणतं रांगोळी, कुणी म्हणतं भजनाला गेले असते, कुणी म्हणतं वाफ्यात मेथी लावली असती. मग आम्ही त्यातली वीस मिनिटं कशी जमवायची ते ठरवतो.

तुमचं उत्तर काय आहे? आज त्यातली दहा मिनिटं करून बघा. काळजी घ्या.