रिकामी स्ट्रिप

आठवीपासून आज्जीच्या गुडघ्याच्या गोळ्या आणायचं काम माझ्याकडं होतं. रिकामी स्ट्रिप खिशात घालायची, आजऱ्याच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये जायचं आणि काकांसमोर धरायची. काका चष्मा कपाळावर सरकवून नाव वाचायचे आणि तसल्याच दोन स्ट्रिपा कागदी पिशवीत घालायचे. चिठ्ठी त्यांनी कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. पहिली चिठ्ठी कुठल्या डॉक्टरनं लिहिली होती, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

मी इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो. गोळ्या चालूच राहिल्या. गेल्या गणपतीत घरी गेलो तर आज्जीचे पाय सुजलेले. गडहिंग्लजला नेऊन रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी स्ट्रिप उलटीसुलटी करून विचारलं, "डायक्लोफेनॅक रोज? किती वर्षं?"

मी मनात हिशेब केला. चौदा.

वय आणि ब्लडप्रेशरचाही वाटा असेल, असं ते म्हणाले. पण गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. परतताना माझा चेहरा बघून आज्जी म्हणाली, "तुझ्या हातनं खाल्ल्या की रं मी, त्यात तुझं काय चुकलं?"

त्या रात्री मी स्ट्रिप पहिल्यांदा नीट बघितली. लाल रेघ होती. शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. नियम १९४५चे. आमच्या गल्लीत ते कधी पोचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भांडायचंच म्हणून निघालो. पण दुकानाच्या पायरीवर आल्यावर वेगळीच एक रात्र आठवली. बाबांचा जबडा दुखत होता, दाढेची गोळी आणायला मी इथंच आलो होतो. काकांनी तीन प्रश्न विचारले. घाम आलाय का? डावा हात दुखतोय का? दम लागतोय का? मग शटर खाली ओढत म्हणाले, "गोळी नाही देत. गाडी काढ आणि ईसीजी काढून घे." बाबा आज आहेत ते त्या तीन प्रश्नांमुळं.

म्हणून आवाज न चढवता विचारलं, "काका, आज्जीला कधी का नाही विचारलंत?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं, तर तू पुढच्या दुकानात गेला असतास. विचारायचे मला कोण पैसे देतं? विकलं तरच दिवा लागतो घरात."

हे वाक्य डोक्यातून जाईना. औषध दुकानदारांना औषध लिहून द्यायचा अधिकार द्यावा का, असा वाद निघाला की आपण दचकतो. पण आजऱ्यासारख्या गावात तो अधिकार ते रोज वापरतातच. त्याची नोंद नसते, मर्यादा नसते आणि जबाबदारीही नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत आहे, पण लॉग कुणीच ठेवत नाही.

इंग्लंडनं ३१ जानेवारी २०२४ला 'फार्मसी फर्स्ट' सुरू केलं. घसादुखी, कानदुखी, बायकांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा ७ आजारांवर फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांत बसत असेल तर स्वतः औषध देतो. वयाच्या अटी आहेत, धोक्याची लक्षणं दिसली तर डॉक्टरकडं पाठवायचं असतं, नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडं जाते. फ्लूची लसही तिथं औषधाच्या दुकानात मिळते. कॅनडातल्या ऑन्टारिओनं जानेवारी २०२३मध्ये १३ किरकोळ आजारांपासून असंच सुरू केलं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती इंग्लंडमधली पैशांची व्यवस्था. तपासून सल्ला दिल्याचे पैसे फार्मसीला सरकारकडून मिळतात, गोळी दिली तरी आणि नाही दिली तरी. तिथं 'नाही' म्हणणाऱ्याचाही दिवा लागतो.

आपल्याकडं २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण त्याचे पैसे कुणी देत नाही. कित्येक काउंटरवर तर फार्मासिस्टऐवजी दुकानातला पोरगाच उभा असतो. अशात नुसता अधिकार वाढवला तर आणखी आज्ज्यांचे पाय सुजतील. आधी प्रशिक्षण हवं, मोजक्याच आजारांची यादी हवी, प्रत्येक वेळची नोंद हवी, आणि विचारण्याचा मोबदला हवा. अँटिबायोटिक त्या यादीत असावं का, यावर डॉक्टरांशी खुशाल भांडण होऊ दे. ते भांडण आजच्या गप्प बसण्यापेक्षा बरं.

परवा आज्जीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो होतो. या वेळी खिशात चिठ्ठी होती. माझ्यापुढं एक म्हातारे बाबा रिकामी स्ट्रिप धरून उभे होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाव वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्यांना विचारलं, "किती दिवस घेतायसा ह्या? रक्त कधी तपासलंय?"

बाबांनी स्ट्रिप परत खिशात घातली आणि काही न बोलता पुढच्या दुकानाकडं चालू लागले.