पंपावरचा आळ

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी वसलेल्या बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने शहराभोवती जो खंदक खणायला घेतला, त्याची ही खूण. बेत सात मैलांचा होता. सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले, कारण मराठी फौज कोलकात्यावर आलीच नाही. भीती निराधार नव्हती. बंगालच्या खेड्यांनी बारगिरांचा जाच खरोखरच सोसला होता. परंतु शहराने ज्या वाटेवर संशय धरला, त्या वाटेने संकट आले नाही. घरच्या यंत्रातील बिघाड शोधतानाही माणसाचे अनेकदा असेच होते. संशय प्रथम धरला जातो आणि चौकशी मागाहून होते.

या भागातील जुन्या घरांच्या ओट्यांपाशी अजूनही एखादी अँबॅसॅडर उभी दिसते. मॉरिस ऑक्सफर्डच्या बांध्यावर घडलेली ही मोटार नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या तीरावर, उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होत असे. मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अशा गाडीचा मालक बहुधा निवृत्त गृहस्थ असतो. आजारी पत्नीला रुग्णालयात नेण्यापुरती ती बाहेर निघते, आणि तिच्यावर होणारा प्रत्येक खर्च निवृत्तिवेतनातून वजा होतो. वैशाखाच्या एखाद्या सकाळी गाडी दोन आचके देऊन बंद पडली, की ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी निकाल देऊन टाकतो, "काकाबाबू, पंप गेला!"

पंपाचे दुर्दैव असे की तो डोळ्यांसमोर असतो. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या कुशीला बसवलेली ती धातूची डबी. कॅमशाफ्टच्या फिरण्याने तिच्यातली तरफ हलते, तरफेने एक लवचिक पडदा खाली ओढला जातो, आणि मागच्या टाकीतले पेट्रोल झडपेतून आत येते. मग स्प्रिंगच्या जोराने पडदा वर उचलला जाऊन ते कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. काम एवढेच, परंतु ते तिला एकटीला करता येत नाही. तिच्या अलीकडे टाकी आणि लांबलचक नळी असते, पलीकडे कार्ब्युरेटर. म्हणून जाणता माणूस पंपाला हात लावण्यापूर्वी पेट्रोलच्या वाटेनेच चालू लागतो.

प्रथम टाकीत खरोखर पेट्रोल आहे की नाही, हे काट्यावर विसंबून न राहता तो पाहतो. प्लगला ठिणगी मिळते याची खात्री करून घेतो. मग टाकीचे झाकण उघडतो. झाकणाचे बारीक छिद्र धुळीने बुजले असेल, तर आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल पुढे सरकेनासे होते. झाकण फिरवताच हवा सुस्कारा टाकल्यासारखी आत शिरते, आणि दोष तिथेच सापडतो. तसे नसेल, तर इंजिन निवू देऊन, मोकळ्या हवेत, आसपास विडी किंवा दिवा नाही हे पाहून, तो कार्ब्युरेटरकडची नळी सोडवतो, तिचे तोंड बाटलीत धरतो आणि पंपाखालची हाताची तरफ दाबतो. बाटलीत ठसक्याठसक्याने धार पडली, तर पंप निर्दोष. चौकशी पुढे कार्ब्युरेटरच्या सुईकडे जाते.

इथे एक चकवा आहे. इंजिन थांबताना कॅमने पंपाचा पडदा खाली ओढून धरलेला असेल, तर हाताची तरफ सैल, निर्जीव लागते. उतावळा माणूस तेवढ्यावरून पंप मेला असे ठरवतो. इंजिन एक फेरा फिरवले की तीच तरफ बोटाला पुन्हा विरोध करू लागते. उन्हाळ्यात तर तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ दाबीत राहतो. त्यावर ओले फडके आणि थोडी सावली हा जुन्या चालकांचा ठरलेला उतारा असे.

कधीकधी मात्र पंप खरोखरच अपराधी असतो. पडदा फाटला की पेट्रोल डबीच्या तळाच्या छिद्रातून ठिबकते, किंवा इंजिनच्या तेलात उतरते. तेलाची कांडी बाहेर काढून नाकाशी धरली की त्याचा वास लपत नाही. असे पातळ झालेले तेल घेऊन गाडी चालवणे म्हणजे इंजिनाचाच घात. त्यामुळे ही चौकशी दयाबुद्धीने नव्हे, तर काटेकोरपणे व्हावी लागते. निर्दोषाला वाचवण्याची आणि दोषीला न सोडण्याची रीत एकच आहे.

तिच्यावर बरेच अवलंबून असते. पंप बदलायचा ठरला, तर मल्लिक बाजार गाठावा लागतो. तिथे जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळतात. परंतु ज्या गाडीचा कारखानाच बंद झाला, तिचा अस्सल भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. झाकणाच्या छिद्राचा दोष पंपाच्या माथी मारला, तर चांगला पंप भंगारात जातो, पैसे जातात, आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभी राहते. रुग्णालयाची वेळ मात्र कोणासाठी थांबत नाही.

नव्या गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत बुडालेला असतो. त्याला बोट लावता येत नाही. नळीतला दाब मोठा असल्याने ती घरी सोडवणेही धोक्याचे. किल्ली फिरवल्यावर क्षणभर उमटणारी मंद गुणगुण ऐकायची, ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचा, आणि पुढचे काम मिस्त्रीच्या हाती सोपवायचे. हाताचे काम संपले; क्रम तेवढा उरला. टाकीपासून आरंभ करावा, एकेक संशय फेडीत पुढे जावे, आणि पुरावा हाती येईपर्यंत पंपाला जागचा हलवू नये.